उपासक नसलेली मंदिरे

पश्चिम तुर्कस्तानच्या किनारपट्टीवरून पर्यटकांना फिरवणाऱ्या बहुतेक सहलींचा मार्ग ठरून गेलेला आहे. इस्तंबूलमध्ये हागिया सोफिया पाहून झाली की बस दक्षिणेकडे निघते आणि बेर्गामा गावाच्या डोक्यावरचे पर्गामॉन, सेल्चुकजवळचे इफेसस, त्याच्याही खाली मिलेटस व डिडिमा आणि समुद्रापासून दूर, पामुक्कलेच्या पांढऱ्या चुनखडीच्या पायऱ्यांवर वसलेले हिएरापोलिस अशी स्थळे काही दिवसांत दाखवून प्रवाशांना विमानतळावर सोडते. या मार्गावर नाट्यगृहे, बाजारपेठा, स्नानगृहे आणि ग्रंथालयेही दिसतात. परंतु यांपैकी बहुतेक स्थळांची प्राचीन जगातली कीर्ती मुख्यतः त्यांच्या देवळांवर उभी होती. इफेसस हे आर्टेमिस देवीचे नगर होते, डिडिमा हे अपोलोच्या कौलाचे स्थान होते आणि पर्गामॉनला आजारी माणसे अ‍ॅस्क्लेपिओस या आरोग्यदेवतेकडे येत. त्यामुळे सहलीच्या कार्यक्रमात ज्याची कुठेही नोंद नसते असा एक प्रश्न प्रत्येक थांब्यावर उभा असतो : ज्या देवतेपुढे आता कोणी हात जोडत नाही, तिच्या घरात शिरणारा माणूस नेमका कोठे शिरतो?

पुरातत्त्वाच्या शिस्तीत वाढलेला अभ्यासक म्हणेल की तेथे आता दगड, शिलालेख आणि कालक्रम यांपलीकडे काही नाही. एकेश्वरवादी धर्माचा कडवा अनुयायी त्याच्याही पुढे जाऊन म्हणेल की तेथे कधीच काही नव्हते, होता तो केवळ भ्रम. याउलट, उभ्या खांबांमधून येणारा संध्याकाळचा उजेड पाहून भारावलेला प्रवासी स्थानमाहात्म्य कधी संपत नसते असे सांगेल, आणि त्याचे बोलणे मनाला अधिक सुखावणारे वाटेल. वरवर पाहता या तिघांचे मार्ग वेगळे आहेत, पण त्यांचे गृहीत एकच आहे. पावित्र्य ही खनिजासारखी एखाद्या जागेत असणारी किंवा नसणारी वस्तू आहे, असे तिघेही मानतात. हे गृहीतच चुकीचे आहे आणि इफेससची भूमी ते चुकीचे असल्याचा पुरावा देते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

त्याआधी एका समजाचा विचार करावा लागतो. यात्रा पवित्र आणि सहल ऐहिक, यात्रेकरू भक्तीने जातो आणि पर्यटक कुतूहलाने, अशी विभागणी नेहमी केली जाते; परंतु प्राचीन ग्रीक धर्माला ही विभागणी मान्य झाली नसती. मोठ्या उत्सवांना नगरे आपले अधिकृत प्रतिनिधी पाठवीत. त्यांना 'थिओरॉस' म्हणत, आणि परगावच्या देवाचा उत्सव, बळी आणि स्पर्धा आपल्या नगराच्या वतीने पाहणे हे त्यांच्या कर्तव्यात मोडत असे. पाहणे हेच तेथे धर्मकृत्य होते. देवाला भेटण्याच्या क्रियेला 'दर्शन' म्हणणाऱ्या भारतीय वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. गाइडही आधुनिक काळाचे अपत्य नाही. इ.स. १०० च्या सुमारास डेल्फी येथे अपोलोचा पुजारी असलेल्या प्लुटार्कने पिथियाच्या, म्हणजे कौल सांगणाऱ्या स्त्रीच्या, वाणीविषयी एक संवाद लिहिला आहे. त्यात डेल्फीचे गाइड पाहुण्यांना एकेक पुतळा दाखवत, प्रत्येक शिलालेख वाचून दाखवत ठरलेला पाठ म्हणत चालले आहेत, आणि पाहुण्यांनी थोडक्यात आटपण्याची विनंती करूनही ते ऐकत नाहीत. दुसऱ्या शतकात पॉसेनिअसने ग्रीसचे दहा खंडांचे वर्णन लिहिले. त्यात वैभवात असलेल्या देवळांबरोबर छप्पर कोसळलेल्या, मूर्ती नाहीशा झालेल्या देवळांचीही नोंद त्याने तितक्याच आदराने केली. चौथ्या शतकाच्या अखेरीस पवित्र भूमीची यात्रा करणारी एगेरिया ही ख्रिस्ती स्त्री, आपल्या प्रवासवृत्तांताच्या शेवटी, संत योहानाच्या स्थानी प्रार्थना करण्यासाठी इफेससला जाण्याचा मानस व्यक्त करते. तात्पर्य, मार्गदर्शकाच्या मागोमाग चालत जाऊन परक्या देवाची जागा पाहणे यात मुळात उणे असे काही नाही. उणीव निर्माण होते ती काय पाहिले जाते आणि काय वगळले जाते यांतून.

इफेससमध्ये काय वगळले जाते हे समजण्यासाठी एका शिलालेखाकडे वळावे लागते. इ.स. १०४ मध्ये गायस विबिअस सालुतारिस या श्रीमंत रोमन नागरिकाने इफेससला एक मोठी देणगी दिली आणि तिच्या अटी नाट्यगृहाच्या भिंतीवर पाचशेहून अधिक ओळींत कोरण्यात आल्या. या देणगीतून आर्टेमिसच्या सोन्याचांदीच्या मूर्ती घडवण्यात आल्या. त्यांबरोबर रोमची सिनेट, सम्राट ऑगस्टस, नगराचा आद्य संस्थापक मानला जाणारा अँड्रोक्लोस आणि इफेससच्या नागरिकांचे कुलगट यांच्याही प्रतिमा होत्या. नगरसभेच्या आणि उत्सवांच्या दिवशी या मूर्ती नगराबाहेरच्या आर्टेमिसच्या देवळातून निघत, देवळाचे रक्षक त्यांच्यासोबत असत, मॅग्नेशियन दरवाजापाशी 'एफेब' म्हणजे नागरिकत्वाचे शिक्षण घेणारे तरुण त्यांच्या स्वागताला येत आणि त्यांना नाट्यगृहापर्यंत नेत. तेथे त्या ठरलेल्या चौथऱ्यांवर ठेवल्या जात आणि सभा संपल्यावर कोरेसियन दरवाजाने नगराबाहेर पडून मिरवणूक पुन्हा देवळात परतत असे. ज्या तरुणांना उद्या नगर चालवायचे होते, त्यांच्या पायांना हा मार्ग वारंवार घडवला जात होता. नगराचा जन्म कोणापासून झाला, कोणाच्या आश्रयाने ते जगते आणि कोणाच्या सत्तेखाली आहे, हे सर्व ते चालता चालता शिकत होते.

आजच्या सहलीची बस प्रवाशांना सामान्यतः वरच्या प्रवेशद्वाराशी, म्हणजे मॅग्नेशियन दरवाजाच्या बाजूला, उतरवते आणि खालच्या दाराशी जाऊन त्यांची वाट पाहत थांबते, कारण उतारावरून चालणे सोपे पडते. प्रवासी सभागृहे आणि अग्निगृह ओलांडून कुरेटेस मार्गाने खाली येतात. कुरेटेस हे आर्टेमिसच्या जन्माशी जोडलेल्या गुप्त विधींचे पुरोहितमंडळ होते आणि त्यांच्या नावांच्या याद्या या परिसरात सापडल्या आहेत. मार्गाच्या तळाशी सेल्सस ग्रंथालयाची दुमजली दर्शनी भिंत समोर येते. ऑस्ट्रियन संशोधकांनी १९७० च्या दशकात ती पडलेल्या तुकड्यांतून पुन्हा उभी केली. तेथून संगमरवरी रस्त्याने नाट्यगृह गाठले जाते. म्हणजेच कोणाच्याही ध्यानात न येता रोज हजारो माणसे, त्याच दिशेने आणि बऱ्याच अंशी त्याच फरसबंदीवरून, सालुतारिसच्या मिरवणुकीची वाट चालत असतात. रस्ता तोच आहे, उतार तोच आहे, माणसांचा समुदायही आहे. तरीही ती मिरवणूक नाही. पावित्र्य दगडांत साठत असते तर ते या चालणाऱ्यांना लागले असते, आणि ते केवळ पाहणाऱ्याच्या भावनेत असते तर एखाद्या भारावलेल्या प्रवाशाने ती मिरवणूक पुन्हा जागी केली असती. यांपैकी काहीही घडत नाही, कारण तेथे ज्याची उणीव आहे ती वस्तूही नाही आणि भावनाही नाही. उणीव आहे ती नेमाने केल्या जाणाऱ्या सामुदायिक कृतीची, जिच्यामुळे देवता आणि नगर एकमेकांचे होत असत.

या ठिकाणी भारतीय उपासनेतील एक कल्पना विचाराला उपयोगी पडते. मूर्ती घडवली गेली म्हणजे देवता आली असे परंपरा मानत नाही. प्राणप्रतिष्ठेच्या विधीने देवतेला तेथे बोलवावे लागते आणि नित्य पूजेने तिचा वास टिकवावा लागतो. महाराष्ट्रात घरोघरी बसणाऱ्या पार्थिव गणपतीच्या बाबतीत तर देवतेच्या निरोपाचाही विधी आहे : उत्तरपूजा करून मूर्ती जागची हलवली की देवत्वाचा वास संपला, असे मानून मगच तिचे विसर्जन होते. देवतेचे येणे आणि जाणे ही दोन्ही माणसांच्या कृतीशी बांधलेली आहेत, आणि तरीही भक्ताच्या दृष्टीने देवता खोटी ठरत नाही, हा या कल्पनेतील सूक्ष्म भाग आहे. रोमन धर्मातही एखाद्या जागेचे पावित्र्य विधिपूर्वक काढून घेण्याची सोय होती. कॅपिटोल टेकडीवर जुपिटरचे देऊळ बांधताना तेथल्या लहान देवस्थानांना असा निरोप दिला गेला आणि सीमांचा देव टर्मिनस मात्र जागा सोडायला तयार झाला नाही, ही कथा लिव्हीने नोंदवली आहे.

आर्टेमिसला असा निरोप कोणी दिला नाही. तिच्या देवळाचा इतिहास मोठा आहे. लिडियाचा राजा क्रीसस याने इ.स.पूर्व सहाव्या शतकात त्याला द्रव्य पुरवले, इ.स.पूर्व ३५६ मध्ये केवळ आपले नाव राहावे म्हणून हेरोस्ट्राटस नावाच्या माणसाने ते जाळले. पुनर्बांधणीचा खर्च देऊ करणाऱ्या अलेक्झांडरला इफेससवासीयांनी, एका देवाने दुसऱ्या देवाला दान देणे शोभत नाही, असे सांगून परतवले. नवे देऊळ जगातील सात आश्चर्यांत गणले गेले आणि इ.स. तिसऱ्या शतकात गॉथ टोळ्यांनी ते लुटले. परंतु उपासनेचा शेवट आग किंवा लूट यांनी झाला नाही, तो कायद्याने झाला. सम्राट थिओडोशियसच्या काळात, इ.स. ३९१-९२ च्या आज्ञांनी, बळी देणे आणि देवळांत जाणे यांवर बंदी आली. त्याच्या काही वर्षे आधी, ३८२ मध्ये, ओस्रोएने या पूर्वेकडील सीमाप्रांतातील एका देवळासंबंधी निघालेली आज्ञा या दृष्टीने अतिशय महत्त्वाची आहे. ते देऊळ लोकांसाठी खुले ठेवावे, तेथील मूर्तींचे मोल त्यांच्या देवत्वावरून न करता कलेवरून करावे, मात्र तेथे बळी देऊ नयेत, असा तिचा आशय आहे. पूजेची वस्तू केवळ पाहण्याची वस्तू होण्याचा हा अधिकृत क्षण म्हणता येईल. आजचा पर्यटक तिकीट काढून आत जातो तेव्हा जाणते-अजाणतेपणी तो त्या आज्ञेच्या चौकटीत उभा असतो. कलेच्या नावाखाली मूर्ती वाचली हे खरे. पण तिच्यासमोर उभे राहण्याचा एकच प्रकार यापुढे रास्त मानला जाईल, हेही तेव्हाच ठरून गेले.

या चौकटीबाहेरच्या दोन कृती इफेससच्याच मातीत सापडतात. कुरेटेस मार्गाच्या परिसरातील एका शिलालेखात डेमेआस नावाचा ख्रिस्ती माणूस सांगतो की आर्टेमिस या दुष्ट शक्तीची फसवी प्रतिमा काढून टाकून आपण तेथे सत्याचे चिन्ह, म्हणजे क्रूस, उभारला आहे. दुसरी कृती करणाऱ्याचे नाव अज्ञात आहे. १९५६ मध्ये ऑस्ट्रियन उत्खननात अग्निगृहाच्या अवशेषांत आर्टेमिसच्या मूर्ती मिळाल्या. त्यांतील 'सुंदर आर्टेमिस' म्हणून ओळखली जाणारी मूर्ती कोणीतरी जपून जमिनीत पुरली असावी, असे ती ज्या स्थितीत मिळाली त्यावरून मानले जाते. ती आज सेल्चुकच्या संग्रहालयात आहे. एकाने मूर्ती उखडली आणि दुसऱ्याने ती झाकून ठेवली, म्हणून ही दोन माणसे परस्परांची विरोधक वाटतात; परंतु धर्माच्या दृष्टीने ती एकमेकांना जितकी जवळची आहेत तितका संग्रहालयातील प्रेक्षक त्यांपैकी कोणालाच जवळचा नाही. डेमेआसला त्या प्रतिमेत शक्ती दिसत होती, म्हणूनच ती काढण्याची त्याला गरज भासली. भंजकाचा राग हा श्रद्धेचाच एक प्रकार असतो, आणि निर्विकार कौतुक हे देवतेच्या दृष्टीने त्या रागाहूनही मोठे मरण असते. ग्रीक मूर्ती आता कितीही परिपूर्ण वाटल्या तरी त्यांच्यापुढे गुडघे टेकले जात नाहीत, असे जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी म्हटले होते. त्याने ते इतिहासाचे पुढचे पाऊल मानले. पुढचे पाऊल टाकताना मागे काय राहिले, हे पाहण्याची मात्र त्याला फारशी निकड वाटली नाही.

देव गप्प का होतात, हा प्रश्न प्राचीनांनाही पडला होता. डेल्फीचा तोच पुजारी प्लुटार्क याने कौलस्थाने ओस पडण्याच्या कारणांवर एक स्वतंत्र संवाद लिहिला, आणि तोही ज्या देवाची सेवा तो करत होता त्या देवाचा आवाज क्षीण होत असताना लिहिला. धर्मचिंतनाच्या इतिहासात असे प्रामाणिक धैर्य क्वचित आढळते. संवादातील एक तापट पात्र म्हणते की माणसांच्या दुष्टपणाला कंटाळून देव निघून गेला. दुसऱ्या पात्राच्या मते कौल देणारे देव नसून देव आणि माणूस यांच्यामधले 'डायमोन' नावाचे जीव होते, आणि हे जीव दीर्घायुषी असले तरी मर्त्य आहेत. थोर पॅन मरण पावला, अशी वार्ता समुद्रात एका खलाशाला ऐकू आल्याची कथा याच संदर्भात येते. प्लुटार्कचा भाऊ लॅम्प्रिअस भौतिक कारण पुढे करतो : पिथियाला स्फुरण देणारा जमिनीतला वायू जसा उगम पावतो तसा आटूही शकतो. या सर्वांत संवादातील अमोनिअस या पात्राचे उत्तर सर्वांत साधे आहे आणि बहुधा म्हणूनच त्याच्याकडे कमी लक्ष जाते. ग्रीसची लोकवस्ती घटली आहे, पूर्वी जेथे दोन पिथिया आळीपाळीने बसत आणि तिसरी राखीव असे तेथे आता एक पुरते, देव माणसांच्या गरजेइतके देतो, असे तो म्हणतो. या उत्तरात देवाचा पराभव नाही आणि माणसावर आरोपही नाही. विचारणारे असतील तोवर उत्तर असते, एवढेच त्याचे म्हणणे आहे. कौल ही देवाच्या ताब्यातली वस्तू नसून विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्यामधला व्यवहार आहे, हे त्यातून निघते.

डिडिमाला हे उत्तर डोळ्यांनी पाहता येते. तेथले अपोलोचे देऊळ इतके विशाल योजले होते की पाचशे वर्षांहून अधिक काळ काम चालूनही ते पुरे झाले नाही. आतला गाभारा मुद्दाम आकाशाला उघडा ठेवलेला होता आणि त्यात पवित्र झरा होता. मिलेटसहून तेथे येणाऱ्या पवित्र मार्गावरचे बसलेले पुतळे एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. इ.स. ३०३ मध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभण्यापूर्वी सम्राट डायोक्लेशियनने येथे कौल लावला होता, म्हणजे रोमन सत्तेचे सर्वांत मोठे निर्णय घेताना या गाभाऱ्याचे मत विचारले जात होते. शंभर वर्षांच्या आत विचारणारे कोणी उरले नाही. दगड त्यानंतरही हजार वर्षे जवळजवळ तसेच उभे होते.

पावित्र्याचे स्वरूप सांगणारे विसाव्या शतकातील दोन विचार येथे तपासून पाहता येतात. रुडॉल्फ ऑटो या जर्मन धर्मचिंतकाने १९१७ मध्ये असे मांडले की सर्व धर्मांच्या मुळाशी 'न्यूमिनस' अनुभव असतो, म्हणजे माणसाला थरकाप आणि ओढ एकाच वेळी जाणवायला लावणाऱ्या सर्वस्वी निराळ्या सत्याची प्रचिती. त्याआधी १९१२ मध्ये एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने पावित्र्याचा उगम समूहाच्या एकत्र येण्यात दाखवला होता. इफेससची वाट पाहता दुर्खीमकडे पारडे झुकते हे खरे. पण ते पूर्ण झुकवले तर नाट्यगृहात जमलेला कोणताही जमाव पवित्र मानावा लागेल. 'प्रेषितांची कृत्ये' या बायबलमधील पुस्तकात याच नाट्यगृहातल्या एका जमावाचे वर्णन आहे. आर्टेमिसचे चांदीचे देव्हारे बनवणारा डेमेट्रिअस हा कारागीर, ख्रिस्ती प्रेषित पौलाच्या प्रचाराने आपला धंदा बुडेल या भयाने, लोकांना चिथावतो आणि जमाव सुमारे दोन तास देवीच्या नावाचा घोष करत राहतो. बहुतेकांना आपण का जमलो आहोत हेही माहीत नसते. देवीचे नाव मोठ्याने घेतले जात होते, पण ती उपासना नव्हती. समूह जमण्याबरोबर त्याने आपल्याहून मोठ्या कशाला तरी स्वतःला बांधून घेणे लागते, आणि ते बंधन काळाने, शिस्तीने, त्यागाने सिद्ध व्हावे लागते. हा भाग ऑटोला कळला होता, दुर्खीमला निम्माच कळला होता.

याच सहलीतला दुसरा थांबा हे बंधन आजच्या काळात कसे जुळते ते दाखवतो. इफेससच्या वरच्या बुलबुल डोंगरावर येशूच्या आईचे, मेरीचे, घर म्हणून दाखवले जाणारे एक लहान दगडी प्रार्थनास्थळ आहे. १८२४ मध्ये निधन पावलेल्या अ‍ॅना कातरिना एमेरिख या जर्मन साध्वीला झालेल्या दृष्टान्तांच्या वर्णनावरून इझमीरच्या धर्मगुरूंनी १८९१ मध्ये ही जागा शोधली. तिच्या ऐतिहासिकतेविषयी कॅथलिक चर्चने अधिकृत निर्णय दिलेला नाही. तरीही पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये, दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्ये आणि सोळावे बेनेडिक्ट यांनी २००६ मध्ये तेथे भेट दिली. कुराणातील एकोणिसावा अध्याय मरियमच्या नावाचा आहे, त्यामुळे मुसलमान स्त्रियाही तेथे येतात, पाणी घेतात आणि भिंतीवर नवसाच्या चिंध्या व कागद बांधतात. डोंगराखाली पुराव्यांचा ढीग आहे आणि प्रार्थना नाही. डोंगरावर पुरावा दुबळा आहे आणि प्रार्थना अखंड आहे. बसमधून एकाच दिवशी दोन्हीकडे जाणारा प्रवासी डोंगरावर आपोआप आवाज खाली आणतो, कारण शेजारी कोणीतरी डोळे मिटून उभे असते. म्हणून पावित्र्य सिद्ध होण्याला इतिहासाची साक्ष पुरी पडत नाही आणि ती नसली म्हणून ते ढळतही नाही, असे म्हणावे लागते.

महाराष्ट्रातही असे शेजार आहेत. कार्ल्याचे चैत्यगृह हे पुरातत्त्व खात्याने राखलेले बौद्ध स्मारक आहे आणि त्याच्या दारातच एकवीरेचे देऊळ कोळ्यांच्या नवसांनी गजबजलेले असते; वेरूळचे कैलास लेणे प्रेक्षकांचे आहे आणि त्याच गावातले घृष्णेश्वर भक्तांचे. मराठी प्रवासी परदेशी अवशेषांत जातो तेव्हा ही दुहेरी सवय तो बरोबर घेऊन जातो, आणि तिचा उपयोग करून घेणे त्याला इतरांपेक्षा सोपे आहे.

उपासक संपले तर देवतेचा हक्क संपतो, हे मान्य केल्यावर प्रवाशाचे कर्तव्यही संपते काय? येथे एक दुरुस्ती करणे न्यायाचे होईल. ग्रीसमध्ये जुन्या देवांची उपासना पुन्हा आरंभणारे लहान समूह आहेत आणि २०१७ मध्ये तेथील शासनाने त्यांच्या धर्माला मान्यताही दिली, त्यामुळे 'एकही उपासक नाही' हे विधान आता अक्षरशः खरे नाही. हागिया सोफियाने तर उलटा प्रवास केला : ५३७ मध्ये चर्च, १४५३ नंतर मशीद, १९३५ पासून संग्रहालय आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद झालेल्या या वास्तूत आज नमाजासाठी येणारा तळमजल्यावर जातो आणि परदेशी पर्यटक तिकीट काढून वरच्या सज्जातून पाहतो. देवत्व गेले ते कायमचे गेले, असे इतिहासाच्या भरवशावर म्हणता येत नाही. तरीही इफेसस किंवा डिडिमा येथे जाणाऱ्या बहुसंख्य प्रवाशांच्या बाबतीत मूळ प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर पर्गामॉनच्या अ‍ॅस्क्लेपिओसच्या आवारात शोधावे. येथे आजारी माणसे पवित्र दालनात रात्री झोपत आणि स्वप्नात देव येऊन उपाय सांगेल अशी वाट पाहत; या विधीला स्वप्नशयन म्हणता येईल. वैद्यकाचा महान आचार्य गेलेन याच नगरात इ.स. १२९ मध्ये जन्मला. दुसऱ्या शतकातील वक्ता एलिअस अ‍ॅरिस्टायडीस दीर्घ आजारपणात सुमारे दोन वर्षे येथे राहिला आणि आपली स्वप्ने, थंड पाण्यातली स्नाने, उपवास आणि देवाशी झालेली बोलणी त्याने 'पवित्र कथा' या ग्रंथात लिहून ठेवली. त्याच्या देवावर आज कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो, त्याचे दुखणे खरे होते, त्याची आशा खरी होती आणि त्या पवित्र दालनात रात्र काढलेल्या अगणित अनाम माणसांचीही ती तितकीच खरी होती. देवतेचा हक्क उपासनेबरोबर संपतो. उपासकांचा हक्क मात्र संपत नाही. त्यांनी जे गांभीर्याने केले ते गांभीर्याने समजून घेतले जावे, एवढे ऋण पुढच्या प्रत्येक माणसावर असते, मग तो कोणत्याही धर्माचा असो किंवा कोणत्याच धर्माचा नसो. खोटी भक्ती दाखवून हे ऋण फिटत नाही. ते फेडण्यासाठी तेथे कोण, काय मागायला आणि काय घेऊन येत असे, हे जाणून घ्यावे लागते.

या कसोटीवर आजच्या सहली तोकड्या पडतात, आणि हा दोष केवळ घाईचा नाही. देऊळ कोणी बांधले, खांब किती उंच होते, भूकंप केव्हा झाला हे सांगितले जाते. तेथे सकाळी कोणता विधी होई, पुजारी कोण असत, गरीब माणूस काय अर्पण करी, हे बहुधा सांगितले जात नाही, जरी शिलालेखांत त्याची माहिती मुबलक असली तरी. याचा सर्वांत ठळक नमुना खुद्द आर्टेमिसचे देऊळ आहे. जॉन टर्टल वुड या इंग्रज संशोधकाने १८६३ पासून शोध घेत, सालुतारिसच्या शिलालेखातल्या मार्गाचाच माग काढत, १८६९ च्या अखेरीस त्याचा पाया शोधून काढला. आज सेल्चुकच्या कडेला, पाणथळ जमिनीत, तुकडे रचून उभा केलेला एकच खांब तेथे दिसतो. तेथे पाहण्यासारखे काही नाही म्हणून कित्येक बसगाड्या तो थांबा गाळतात किंवा पाच मिनिटांत उरकतात. ज्या जागेमुळे इफेसस होते ती जागाच वगळून इफेसस दाखवणे, ही धर्माच्या इतिहासाशी केलेली प्रतारणा आहे.

सहली आखणाऱ्यांनी हा क्रम बदलावा आणि प्रवाशांनी तो बदलण्याचा आग्रह धरावा. इफेससची भेट त्या एकट्या खांबापासून सुरू व्हावी, सालुतारिसने मिरवणुकीची वाट कशी आखली होती ते गाइडने तेथे सांगावे आणि मगच वरच्या दरवाजाने नगरात शिरावे. यासाठी अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही आणि वेगळे तिकीटही काढावे लागत नाही.